बाहेरून आरसा

दोघी जावांमधून विस्तव जात नव्हता आणि अंगण मात्र एकच होतं. समोरासमोर दोन घरं, मध्ये फरशी, धाकटीच्या बाजूला एक डेरेदार झाड. वाटण्या झाल्या तेव्हा मधोमध भिंत घालायचं ठरलं होतं. पण ती भिंत कोणाच्या हद्दीत यावी यावरून एवढं वाजलं की भिंत राहिली ती राहिलीच. धाकटीचा नवरा वारला तेव्हा थोरली तेवढी पलीकडे जाऊन बसली, डोळेही पुसले. माणसं पांगली तशी दोघींची पुन्हा जुंपली, या खेपेला पाण्याच्या टाकीवरून. तेव्हापासून बोलणं बंद.

बोलायची वेळ आलीच तर निरोप जायचा, आणि निरोप्या म्हणजे थोरलीचा नवरा. माणूस गरीब गाय. धाकटी म्हणायची, "तुमच्या बायकोला सांगा, टाकीचं झाकण लावायला हात झडतात का तिचे?" हा घरी येऊन सांगायचा, "टाकीचं झाकण उघडं राहिलंय वाटतं." थोरली म्हणायची, "तिला म्हणावं, झाकण बघत बसण्यापेक्षा स्वतःच्या झाडाचा कचरा उचल." हा पलीकडे जाऊन सांगायचा, "पानगळ फार झाली यंदा." असे सगळे काटे काढून, सोलून, मऊ करून तो निरोप पोचवायचा. आपल्यामुळेच हे घर टिकलंय, असं त्याला मनापासून वाटायचं. वाटू दे बिचाऱ्याला!

खरं दुखणं टाकीचं नव्हतं, झाडाचंही नव्हतं. खरं दुखणं होतं थोरलीची लेक. थोरलीनं पडद्यांचं दुकान काढलं तेव्हा पोर रांगत होती. दुकानात कापडाचे गठ्ठे, कात्र्या, शिलाई मशिनी. पोर ठेवायची कुठे? ठेवली पलीकडे. धाकटीला मूलबाळ नव्हतं. तिनं ती पोर अशी काही कडेवर घेतली की पुन्हा खाली ठेवलीच नाही. शाळेतून आली की दप्तर आधी पलीकडे पडायचं, ताप आला की हाक काकूला जायची. थोरली कपाळावर हात मारून म्हणायची, "बाळंत मी झाले आणि आई ती झाली!" म्हणायची हसत, पण आतून जळायची. स्वतःची पोर स्वतःच पलीकडे नेऊन ठेवली होती, त्यामुळे बोलायलाही तोंड नव्हतं. म्हणून तर जास्तच जळायची.

आणि आता लेकीला दिवस गेले होते. जावई बोटीवर, सहा महिने समुद्रात. लेकीचा फोन आला, "बाळंतपणाला येते मी तिकडे." थोरलीनं विचारलं, "तिकडे म्हणजे?" लेक थोडं थांबून म्हणाली, "आई, तुझ्याकडेच." ते थोडं थांबणं थोरलीच्या काळजात रुतून बसलं. या खेपेला पोर आपल्या घरात, आपल्या खाटेवर, आपल्या हातचं खाईल. नातवंड आधी आपल्या मांडीवर येईल. बस, आयुष्यात दुसरं काही नको होतं तिला.

तिनं पुढच्या खोलीला रंग दिला. खिडकीशी खाट टाकली. खिडकी म्हणजे दाराला लागून अंगणाकडची अख्खी भिंतच, एकसंध काचेची. आणि त्या काचेतून समोर कोण? धाकटी! दिवसभर ओट्यावर बसून पोरीकडे टकमक बघत बसणार. पडदा लावावा तर दुकानभर पडदे होते. पण पडद्याचं एक वाईट असतं, त्यानं आपलेही डोळे झाकले जातात. धाकटी काय करते, कोणाशी बोलते, पोरीला खुणा करते का, हे थोरलीला कळायला नको? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण जणू तिच्यासाठीच जन्माला आली होती. तिनं दुकानातली फिल्म आणली, बाहेरून आरसा आणि आतून लख्ख काच अशी. फिटरकडून पूर्ण काचेला आतून चिकटवून घेतली. बघायचं पण दिसायचं नाही!

त्या दिवशी थोरलीनं खिडकीशी उभं राहून धाकटीला जीभ काढून दाखवली. धाकटी ओट्यावर केस विंचरत थेट समोर बघत होती. तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. थोरलीला इतका आनंद झाला की तिनं पुन्हा एकदा दाखवली.

हवा बदलायचे दिवस होते. रात्री उत्तरेचा गार वारा सुटायचा, दिवसा ऊन स्वच्छ पडायचं. मग एका रात्री आभाळ खाली उतरलं, पहाटे धुकं आणि बारीक पाऊस. थोरलीनं दार उघडलं तर पायरीवर एक पाखरू मरून पडलेलं. मुठीत मावेल एवढं, हिरवट पिवळं, मान वाकडी. हात लावला तर अजून गरम. "मेल्या मांजरांनी वैताग आणलाय," म्हणून तिनं ते कागदात गुंडाळून टाकलं.

पुढे चांगलं ऊन पडलं, पाखरू नाही. पुन्हा धुकं आलं आणि पायरीवर दोन पाखरं. पुन्हा ऊन, काही नाही. पुन्हा ढग, पुन्हा पाखरं. थोरली काही बावळट नव्हती. हिशेब तिच्या लगेच ध्यानात आला, फक्त चुकीचा आला. धुक्यात या ओट्यावरून तो ओटा दिसत नाही. चोराला आणखी काय पाहिजे? धुकं पडलं की हिला ऊत येतो. गरोदर पोर घरात येणार, म्हणून मेलेली पाखरं आणून दारात टाकते काय? तळपायाची आग मस्तकाला गेली तिच्या.

खरं काय होतं ते धाकटीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. भाऊजींना ओट्यावर बोलावून तिनं निरोप दिला होता, "तुमच्या बायकोच्या त्या आरशावर पाखरं डोकं आपटून मरतायत. माझं झाड दिसतं त्यांना त्यात. खरवडून काढा म्हणावं, नाहीतर एक दिवस मीच धोंडा घालते त्या काचेत." भाऊजी घाबरले. धोंडा म्हटलं की खूनच पडणार. आरसा म्हटलं की थोरली विचारणार, तिला काय त्रास माझ्या काचेचा? मग त्यांनी निरोपातून आधी धोंडा काढला, मग आरसा काढला, मग पाखरंही काढली. उरलं ते घरी येऊन सांगितलं, "ती म्हणत होती, आभाळ भरून आलं की जरा लक्ष ठेवा."

"लक्ष ठेवा?" थोरली ताडकन उठली. "अहो, ही सरळसरळ धमकी आहे! दारात मढी टाकते आणि वर सांगून टाकते!"

"अगं, हवेबद्दल म्हणाली ती."

"तुम्हाला काय कळतंय! ठेवते लक्ष. डोळ्यांत तेल घालून ठेवते."

आणि तिनं दारावर मोठा झोताचा दिवा बसवून घेतला. संध्याकाळी लागायचा तो उजाडेपर्यंत. अख्खं अंगण, अख्खं झाड पांढरंफटक. धाकटीला झोप लागेना, तिनं खिडकीला चादर टांगली. थोरली म्हणाली, "बघितलंत? चोराच्या मनात चांदणं!" पुढच्या धुक्यात पायरीवर पाखरांचा खच पडला. थोरलीला वाटलं, दिवा लावला म्हणून सटवी चिडलीय.

अशात लेक आली. पोट पुढे, पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. आल्या आल्या तिनं पलीकडे बघून हात हलवला. थोरलीनं तिला दंडाला धरून आत घेतलं.

"तिकडे जायचं नाही."

"आई, आत्ताच आलेय मी. काकूला भेटून येते फक्त."

"काकू! तुझी काकू काय करते माहीत आहे? पाखरं मारून दारात टाकते माझ्या. तू यायचीस म्हणून."

लेक हसायला लागली. "काकू? अगं, काकू झुरळ मारत नाही. कागदावर घेऊन बाहेर सोडते."

"तुला ती देवीच! मी मेली दुकानात राबले, फीया मी भरल्या, आणि..."

"फीचं काढू नकोस गं आई, आल्या आल्या." लेकीचं हसणं विझलं. "तू बघितलंस का तिला टाकताना? डोळ्यांनी?"

"नाही बघितलं. पण रंगेहाथ पकडून दाखवते. तुझ्यासमोर."

"आणि तसं नसलं तर?"

थोरलीची जीभ म्हणजे सुटलेली गाडी, ब्रेक नावाची गोष्ट नाही. "नसलं तर तू खुशाल तिकडे जाऊन राहा! तिथेच बाळंत हो!"

"बरं," लेक म्हणाली. "मग शब्द फिरवू नकोस."

शब्द मागे घ्यावा असं थोरलीला वाटलं. पण बोललेलं गिळायची सवय तिला कधी नव्हतीच.

दोन दिवस ऊन पडलं. लेक खाटेवर पडून काचेतून पलीकडे बघायची, पण बघतेय हे काकूला कळायचं नाही. थोरली तिचे पाय चेपायची, गरम गरम करून वाढायची, आणि लेक "पुरे" म्हणायची. तिसऱ्या रात्री उत्तरेचा वारा जोरात सुटला. पहाटेपूर्वी तो पडला, आभाळ खाली आलं आणि पाऊस भुरभुरायला लागला. थोरली शाल घेऊन दाराआड उभी राहिली. दिव्याच्या झोतात धुकं दुधासारखं दिसत होतं. वरून बारीक बारीक आवाज येत होते, पाखरांचे, खूप पाखरांचे. एवढी पाखरं या वेळी कुठून आली, याचा विचार तिनं केला नाही. तिला फक्त धाकटी पाहिजे होती.

उजाडता उजाडता धाकटी आली. हातात बुटांचं खोकं, पदर खोचलेला, वाकून पायरीशी काहीतरी करतेय. थोरली दार धाडकन उघडून अंगणात उतरली.

"सापडलीस! अगं ए, या रे, बघा सगळे! सापडली मुद्देमालासकट!"

शेजारच्या खिडक्या पटापट उघडल्या. तमाशा म्हटल्यावर कोण झोपतं? धाकटी सरळ उभी राहिली. तिच्या मुठीत एक पाखरू होतं, चोच उघडी, धापा टाकत असलेलं.

"हळू ओरडा, जाऊबाई. जिवंत आहे हे."

कित्येक वर्षांनी धाकटी थोरलीशी सरळ बोलली ते हे पहिलं वाक्य. थोरली आणखीच भडकली. "जिवंत आहे? मग मारायचं राहिलं की तुझं! आपट त्याचं डोकं फरशीवर! स्वतःच्या घरात पाळणा हलला नाही म्हणून दुसऱ्याच्या..."

एवढं बोलून ती थांबली. हे बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. शेजारची एक खिडकी हळूच बंद झाली. धाकटीचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढला नाही.

"मागे बघा," ती म्हणाली. "मला नंतर शिव्या द्या. आधी मागे बघा."

थोरली वळली आणि त्याच वेळी तिच्या कानाजवळून काहीतरी सूंकन गेलं. ठप्प! पाखरू काचेवर आपटून खाली पडलं. काचेवर धुळीसारखा पंखाचा ठसा उमटला. पुढच्याच क्षणी दुसरं आलं. ठप्प! ते पायरीवर पडून एकदा थरथरलं, मग गप्प झालं.

काचेत झाड होतं. अख्खं, पानापानासकट, मागे धुकं, वर आभाळ. खऱ्या झाडापेक्षा जवळ. आणि त्या झाडाखाली एक बाई तोंड उघडं टाकून उभी होती. ती आपणच आहोत हे कळायला थोरलीला जरा वेळ लागला.

उघड्या दारातून लेक बाहेर आली. तिनं आतून सगळं बघितलं होतं, ऐकलंही होतं. तिनं आधी हात वर करून दिवा बंद केला.

"लांबच्या प्रवासाला निघालेली पाखरं ही. वारा पाठीशी असला की रात्रभर उंचावरून जातात," लेक म्हणाली. "ढग खाली आले, पाऊस लागला की खाली यावंच लागतं त्यांना. खाली तुझा दिवा. मग दिव्याभोवती फिरून फिरून दमतात आणि उजाडलं की झाड शोधतात. झाड कुठे आहे? तुझ्या काचेत."

"हे मी आज सांगतेय का?" धाकटी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात निरोप पाठवला होता. आरसा खरवडा म्हणून!"

सगळ्यांनी मिळून दाराकडे बघितलं. थोरलीचा नवरा तोंडात ब्रश घेऊन उभा होता. फेस हनुवटीवर आला तरी त्याला पुसायचं सुचेना.

"मी... हवेचं सांगितलं होतं," तो म्हणाला.

एरवी हसू आलं असतं. त्या सकाळी कोणी हसलं नाही. थोरलीला त्या क्षणी दोन शब्द बोलायचे होते, फक्त दोन. सगळं जग त्याची वाट बघत उभं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती म्हणाली, "लांबून आलेली पाखरं. दमूनच मरायची होती."

लेक मागे वळली. आत गेली, पिशवी भरली, चपला घातल्या. जाताना पायरीवरची दोन जिवंत पाखरं ओढणीत उचलून घेतली.

"कुठे निघालीस?"

"तूच म्हणालीस ना, आई."

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांची खैर नव्हती. एका बाईनं निळ्या पडद्याला अस्तर मागितलं तर थोरली म्हणाली, "कशाला? काय लपवायचंय एवढं?" ती बाई निघून गेली. नवऱ्यानं चहा आणून ठेवला तर त्यालाही धुतलं. "आयुष्यभर मला भाकड निरोप दिलेत तुम्ही! मला वाटायचं, ही बाई नुसती हवापाण्याचं बोलते!"

"तिलाही तसंच वाटायचं," नवरा म्हणाला.

"म्हणजे?"

"तू दिलेल्या शिव्या तिला कधी कळल्याच नाहीत. आज कळल्या."

सकाळचं पाळण्याचं वाक्य थोरलीच्या कानात पुन्हा घुमलं. एवढी वर्षं हा माणूस मध्ये उभा राहून ते अडवत होता, आणि आज मध्ये कोणी नव्हतं. मोबाइलवर हवामान दाखवत होतं, रात्री पुन्हा ढग, पुन्हा उत्तरेचा वारा. फिल्म काढायला फिटरला फोन केला तर तो म्हणाला, "आता सोमवारीच जमेल बाई." तिनं पाण्याचा फवारा आणि पात्याची खरवडणी पिशवीत टाकली आणि शटर ओढलं.

फिल्म कोपऱ्यापासून सोडवायची असते, साबणाचं पाणी मारत मारत. थोरलीला ते माहीत होतं, पण हाताला घाई. ती फाटायची, चिंध्या निघायच्या, गोंद तसाच राहायचा. स्टुलावर उभं राहून तिचे खांदे भरून आले. पहिली पट्टी निघाली तशी पलीकडची पायरी दिसली. म्हणजे आधीही दिसतच होती, पण आता पलीकडूनही ही दिसायला लागली. लेक पायरीवर खोकं उघडून बसली होती. तिच्या तळहातावरून एक पाखरू भुर्रकन झाडात गेलं. दुसरं खोक्यातून उठलंच नाही. धाकटीनं ते हळूच झाकून ठेवलं.

दुपार कलली तेव्हा काच मोकळी झाली. थोरली ओल्या हातांनी तशीच अंगण ओलांडून गेली.

"काढली बघ सगळी. चल आता घरी."

"बरं केलंस, आई." लेकीचा आवाज मऊ होता. "पण काकूला काही म्हणणार नाहीस?"

धाकटी मागे उभी होती, खांबाला टेकून. डोळे सुजलेले, सकाळपासून रडलेली. थोरलीनं तिच्याकडे बघितलं. शब्द अगदी दातांपर्यंत आला.

"झाड तर तुझंच होतं ना पण!" ती म्हणाली.

धाकटीनं एक सुस्कारा सोडला. लेक उठली, पोट सावरत आत गेली. दार बंद झालं, आपटलं नाही, नुसतं बंद झालं. ते जास्त लागलं.

घरी येऊन थोरली रिकाम्या खाटेवर बसली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं तिला वाटलं. कसली जीभ ही! पोर गेली, नातवंडही तिकडेच जन्माला येणार, आणि पुन्हा सगळं आपल्याच तोंडानं. ती धाय मोकलून रडली. समोरच्या घरात दोघी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. दिसू दे, आता काय झाकायचं राहिलंय?

"चुकलं माझं," ती काचेला म्हणाली. रिकाम्या खोलीत किती सहज निघालं! मग तिनं पुन्हा म्हटलं, धाकटीकडे बघून, "चुकलं गं माझं. ते पाळण्याचं बोलायला नको होतं."

पलीकडे लेकीनं हात हलवून विचारलं, काय? थोरलीनं पुन्हा ओठ हलवले, सावकाश, ठळक. लेकीनं धाकटीकडे बघितलं. धाकटीला कळलं होतं, अक्षर न् अक्षर कळलं होतं, तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तरी तिनं सावकाश हात उचलला, कानामागे धरला आणि मान वाकडी करून उभी राहिली. ऐकू येत नाही!

"कळलंय मेलीला," थोरली ओरडली. "सगळं कळलंय, तरी मुद्दाम!"

काच एकसंध होती, उघडायची सोय नव्हती. थोरलीनं नाक पुसलं, चपला पायांत सरकवल्या आणि शिव्या देत देत दार उघडलं.